तबकडी आणि सुई

घरात माळ्यावर किंवा कपाटाच्या तळाशी वडिलार्जित तबकड्यांची चवड पडून आहे, अशी माणसे श्रोतृवर्गात थोडीथोडकी नसतील. त्या तबकड्या बाहेर काढून वाजविण्याची हौस अलीकडे पुन्हा वाढली आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु यंत्र घेताना आपण त्याची पेटी पाहतो, कर्णे पाहतो. सुईचा विचार सर्वांत शेवटी करतो. आम्हीही तेच केले. एक स्वस्त यंत्र आणले आणि वडिलांनी जपलेली नाट्यगीतांची लाँगप्ले तबकडी त्यावर महिनाभर हौसेने वाजविली. पुढे ती चांगल्या यंत्रावर लावली, तेव्हा तारसप्तकातील प्रत्येक सुराला खरखरीची झालर लागलेली होती. ती झालर आता निघायची नाही. म्हणून हा विषय.

सुई करते काय, ते प्रथम पाहू. तबकडीच्या चराच्या भिंतींवर नाद नागमोडी वळणांनी कोरलेला असतो. सुईचे टोक त्यांतून जाताना थरथरते आणि कार्ट्रिज त्या थरथरीचे सूक्ष्म विद्युत्‌प्रवाहात रूपांतर करते. लाँगप्लेच्या एका बाजूचा चर उलगडला तर तो सुमारे अर्धा किलोमीटर भरेल. एवढी वाट सुई घासत जाते. तेव्हा टोक वाईट असेल तर ते गाणे ऐकवीत नाही, खरवडून काढते.

आता निवड. पहिला प्रश्न असा की, आपल्या तबकड्या कोणत्या? मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या जुन्या तबकड्यांचा चर रुंद असतो; त्यांना सुमारे ६५ ते ७५ मायक्रॉन त्रिज्येचे टोक लागते. १९४८ साली अवतरलेल्या लाँगप्लेचा चर अगदी बारीक. तिचे टोक १८ मायक्रॉनांच्या आसपास. बारीक टोक रुंद चरात घातले तर ते तळाशी धूळ चाळीत बसते. जाड टोक बारीक चरावर ठेवले तर भिंतींच्या कडाच चिरडते. ज्यांच्याकडे दोन्ही प्रकार आहेत, त्यांनी दोन सुया ठेवाव्यात. यात काटकसर नको.

दुसरा प्रश्न टोकाच्या आकाराचा. शंक्वाकृती टोक साधे, स्वस्त आणि मांडणीतील लहानसहान चुका पोटात घालणारे असते. लंबवर्तुळाकृती टोक बारीक वळणांत अधिक नीट शिरते. तबकडीच्या आतल्या फेऱ्यांत, जेथे वळणे दाटीने येतात, तेथे त्याचा गुण कळतो. मात्र ते नेमक्या कोनात बसवावे लागते.

तिसरा प्रश्न कार्ट्रिजच्या जातीचा. स्वस्त यंत्रांत बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असते. त्याचा आवाज मोठा, पण तबकडीवर पाच-सहा ग्रॅम किंवा त्याहून अधिक भार टाकल्यावाचून ते नीट चालत नाही. चलचुंबक जातीच्या कार्ट्रिजला दीड-दोन ग्रॅम पुरतात आणि सुई झिजल्यास बहुधा तेवढीच बदलता येते. चलकुंडल जात अधिक नाजूक, पण तिचा विद्युत्‌संकेत इतका क्षीण की त्यासाठी वेगळे प्रवर्धन लागते आणि सुई घरी बदलता येत नाही. सामान्य गृहस्थाने चलचुंबक घ्यावे, असे आमचे मत आहे. यंत्राचा हात जड असेल तर फार लवचीक सुई घेऊ नये, एवढे विक्रेत्याला जरूर विचारावे.

भाराविषयी एक गैरसमज आहे. जितका भार कमी तितकी तबकडी सुरक्षित, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. भार फार कमी झाला तर सुई चरात उडू लागते आणि भिंतींवर आदळते. कारखान्याने सांगितलेल्या मर्यादेतच, किंचित वरच्या बाजूस, भार ठेवावा. तो मोजण्याचा लहान काटा थोड्या पैशांत मिळतो.

हिराही झिजतो. काहीशे तास ते हजार तास हे त्याचे आयुष्य. हजार तासांत लाँगप्लेवर तो सुमारे तेराशे किलोमीटर चाललेला असतो! म्हणून तासांची नोंद ठेवावी आणि दर वेळी तबकडी पुसावी. लाखेच्या तबकडीला स्पिरिट मात्र कधीही लावू नये. लाख त्यात विरघळते.

हा सारा खटाटोप कशासाठी? अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांचा आवाज आपल्यापर्यंत आला तो तीन-तीन मिनिटांच्या लाखेच्या तबकड्यांतून. त्यांच्या निर्वाहाची जबाबदारी आज ज्याच्या घरी त्या आहेत त्याच्यावर आहे. यंत्र बिघडले तर दुसरे मिळते. झिजलेला चर पुन्हा भरून येत नाही. तेव्हा आज घरी गेल्यावर नवी तबकडी विकत घेण्याआधी, भिंगाखाली एकदा जुनी सुई पाहावी, एवढीच विनंती.