घट्ट पकडीचा मोह

मेंदूच्या ताज्या ऊतीत जवळजवळ ८० टक्के पाणी असते. तिचा ताठपणा किलोपास्कलमध्ये मोजावा लागतो, आणि ज्या पॉलिस्टायरीनच्या डिशमध्ये ती ठेवायची त्या प्लास्टिकचा गिगापास्कलमध्ये. दोहोंत दहा लाख पटींहून मोठे अंतर आहे. एक ओली, मऊ आणि जिवंत, दुसरे कोरडे आणि कडक. यांना जोडायचे म्हटले की हात आपोआप सर्वांत घट्ट चिकटणाऱ्या द्रव्याकडे जातो. मला ही सवय घातक वाटते. प्रयोगशाळेत ऊतीला लावलेला गोंद प्रयोगाबाहेर राहत नाही. तोही ऊतीवर काहीतरी करत असतो. म्हणून काम भागेल एवढीच पकड देणारे द्रव्य निवडावे, त्याहून घट्ट नको.

घट्ट पकडीचा मोह सायनोअ‍ॅक्रिलेटमुळे पडतो. १९४२ मध्ये ईस्टमन कोडॅकमध्ये हॅरी कूवर बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हाती आलेले रसायन ज्याला लागेल त्याला चिकटू लागले, म्हणून ते बाजूला पडले. १९५१ मध्ये कूवर पुन्हा त्याच्याकडे वळले, १९५८ मध्ये ते बाजारात आले आणि आज आपल्याकडे फेविक्विकच्या रूपाने घरोघरी आहे. हे द्रव्य हवेने वाळत नाही. ओलीचा नुसता अंश मिळाला तरी त्याचे रेणू एकमेकांना जोडत साखळ्या बनवतात. त्यामुळे इतर बहुतेक गोंद जिथे हार मानतात त्या ओल्या ऊतीवर हे काही सेकंदांत धरते. मात्र ओल जास्त झाली, तर ऊतीपर्यंत पोचण्याआधीच त्याचा पांढरा, ठिसूळ पापुद्रा होतो. म्हणूनच मेंदूचा ठोकळा थरथरत्या पात्याच्या यंत्रावर बसवण्यापूर्वी त्याची खालची बाजू गाळणकागदाने टिपतात आणि गोंदाचा अगदी पातळ थर देतात. नंतर ३०० ते ४०० मायक्रोमीटर जाडीच्या चकत्या कापल्या जातात. या कामाला सायनोअ‍ॅक्रिलेट चोख आहे, कारण पकड काही मिनिटांपुरती लागते आणि गोंदाला टेकलेला थर शेवटी टाकूनच द्यायचा असतो.

तोच गोंद रात्रभर जगवायच्या चकतीखाली घातला की हिशेब बदलतो. घट्ट होताना तो उष्णता सोडतो, नंतर काचेसारखा ठिसूळ होतो, आणि पाण्यात हळूहळू विघटन पावताना त्यातून फॉर्माल्डिहाइड निघते. मेलेली ऊती टिकवण्यासाठी वापरायचे रसायन जिवंत पेशींच्या पोषकद्रवात उतरते. यावर एक आक्षेप येतो: शल्यविशारद याच कुळातल्या द्रव्याने जखमा जोडतात, मग डिशमध्ये भीती कसली? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ मध्ये ऑक्टिल सायनोअ‍ॅक्रिलेटला मान्यता दिली, हे खरे. त्याच्या रेणूची बाजूची साखळी लांब असल्याने विघटनही सावकाश होते, हेही खरे. पण ते त्वचेच्या वरच्या बाजूला लावायचे असते आणि काही दिवसांत आपोआप सुटून पडते. खाली रक्तप्रवाह चालू असलेली त्वचा आणि थोड्याशा स्थिर द्रवात बसलेली, अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ चकती यांची बरोबरी होत नाही. शिवाय घरगुती बाटलीत बहुधा आखूड साखळीचा इथिल प्रकार असतो. शल्यक्रियेतला दाखला त्याला लावणे तर सरळ चूक आहे.

सांधा सुटला की दोष गोंदाला दिला जातो, पण पुष्कळदा तो प्लास्टिकच्या बाजूने सुटलेला असतो. पाण्याचा पृष्ठताण मीटरमागे सुमारे ७२ मिलिन्यूटन. पॉलिएथिलीनची पृष्ठऊर्जा त्याच मापात ३१ च्या आसपास आणि टेफ्लॉनची २० च्या घरात. अशा पृष्ठभागावर पाणीदार द्रव पसरतच नाही, ते अळवावरचे पाणी ठरते. आणि जे पसरले नाही ते चिकटणार कसे? तिथे गोंदाच्या बाटल्या बदलत बसण्यापेक्षा प्लास्टिक बदलावे किंवा त्याचा पृष्ठभाग. पेशीसंवर्धनाच्या पॉलिस्टायरीन डिशवर विद्युत प्रक्रियेने ऑक्सिजनयुक्त गट बसवलेले असतात. जिवाणू वाढवायच्या साध्या डिशवर नसतात. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात, त्यामुळे वेष्टन वाचल्याशिवाय निवड करू नये. सिलिकोनवर अशी प्रक्रिया केली, तर तिचा परिणाम काळाबरोबर ओसरतो, म्हणून ती केल्यावर लगेच काम उरकावे लागते.

पृष्ठभाग असा तयार असला की सौम्य द्रव्येही पुरतात. धनभारित पॉलिलायसिन ऋणभारित पेशींना धरून ठेवते. फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन एकत्र आले की रक्त गोठते तशी जाळी तयार होते. ती फारशी बळकट नसते, पण पेशींना ती परकी नाही. कोकणात लाटांचा मारा खात खडकाला चिकटून राहणाऱ्या शिनाणे या शिंपल्यांचे भाऊबंद अटलांटिकच्या किनाऱ्यावरही आहेत. संशोधक हर्बर्ट वेट यांनी या शिंपल्यांच्या चिकट प्रथिनांतल्या डोपा या घटकाचे महत्त्व दाखवले. पुढे २००७ मध्ये डोपामिनच्या किंचित अल्कधर्मी द्रावणात वस्तू नुसती बुडवून तिच्यावर लेप चढवण्याची रीत प्रसिद्ध झाली. हा लेप टेफ्लॉनवरही बसतो.

स्नायू ताणून त्याची ताकद मोजायची असेल, तर अशी नाजूक पकड काय कामाची, असे कोणी विचारेल. तिथे ती खरोखरच कामाची नाही. त्या चाचणीत टोके सायनोअ‍ॅक्रिलेटने धरावीत आणि मोजमाप मधल्या मोकळ्या भागात करावे. ओल्या ऊतीसाठी अगदी वेगळी वाट २०१९ मध्ये एमआयटीतल्या शुआनहे झाओ यांच्या गटाने दाखवली: दोन्ही बाजूंनी चिकटणारी कोरडी पट्टी आधी सांध्यावरचे पाणी शोषून घेते आणि मग ऊतीशी रासायनिक बंध जोडते. पण ऊती जागेवरून हलू नये एवढीच गरज असेल, तर गोंदच टाळता येतो. सिलिकोनच्या तळाच्या डिशमध्ये बारीक टाचण्या टोचाव्यात, किंवा नायलॉनचे धागे ताणलेली प्लॅटिनमची छोटी चौकट चकतीवर ठेवावी. ही जुनी साधने मला पुष्कळ नव्या द्रव्यांपेक्षा विश्वासाची वाटतात, कारण ती पोषकद्रवात काहीही सोडत नाहीत.

गोंद लावणे भागच असेल, तर तुलनेसाठी आणखी दोन डिश मांडाव्यात. एकीत गोंद मुळीच नको. दुसरीत गोंदाचा तेवढाच थेंब ऊतीपासून थोड्या अंतरावर, तिला न लागता, घट्ट होऊ द्यावा. पहिल्या डिशमधली ऊती तगली आणि दुसरीतली मरू लागली, तर पकड कितीही चांगली असो, त्या द्रव्यातून काहीतरी द्रवात उतरते आहे.