गाडी बंद पडली, पण कॅमेरा आधीच तिथे कसा?



परवा दिल्लीत सरोजिनी नगरच्या बाजारात एका कुर्त्याचा भाव करत होतो. विक्रेता आठशे म्हणाला, मी तीनशे म्हणालो. त्याने कपाळाला हात लावला, मी पाठ फिरवली, चार पावलांवर त्याने हाक मारली. हे नाटक दोघांनाही पाठ होतं. तरी मजा आली, कारण सौदा कितीला ठरणार हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

मोटारींच्या कार्यक्रमांवर चाहत्यांची नेहमीची तक्रार असते, ‘सगळं स्क्रिप्टेड आहे!’ माझं म्हणणं असं, की स्क्रिप्ट असण्यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो स्क्रिप्ट कुठे थांबते याचा.

बीबीसीच्या ‘टॉप गिअर’चा भारतावरचा खास भाग आठवा. २८ डिसेंबर २०११ रोजी तो दाखवला गेला. जेरेमी क्लार्कसन, रिचर्ड हॅमंड आणि जेम्स मे अनुक्रमे जॅग्वार, मिनी आणि रोल्स-रॉईस घेऊन मुंबईहून हिमालयाकडे निघाले. मुंबईत त्यांना काम दिलं होतं लोकलपेक्षा लवकर जेवणाचे डबे पोचवण्याचं. यातला विजेता कोण, हे दादर स्टेशनवर उभं राहिलेलं पोरही सांगेल! पण ट्रॅफिक खरी होती, तिघांची तारांबळ खरी वाटत होती. शर्यत आखलेली असूनही पाहावीशी वाटली.

त्याच भागात आगगाडीला ब्रिटिश मालाच्या जाहिरातीचे फलक लावले. डबे सुटले, फलक फाटले आणि उरलेल्या अक्षरांतून अश्लील शब्द तयार झाले. दाखवलं ते ‘अपघात’ म्हणून. पण फलक नेमका कुठे फाटणार हे ठरवल्याशिवाय असा शब्द उरेल का? इथे निकालच आधी लिहिलेला होता. पुढे लंडनमधल्या भारतीय उच्चायुक्तालयाने बीबीसीकडे तक्रार केली. चित्रीकरणाआधीच्या पत्रव्यवहारात उत्स्फूर्त गाठीभेटींची भाषा होती आणि पडद्यावर आली ती थट्टा, हा त्यांचा राग होता.

थोडी आखणी तर लागतेच. गाडी वळणावरून येताना समोरून दिसते, म्हणजे कॅमेरा तिथे आधी पोचलेला असतो. एकाच रस्त्यावरून गाडी दोन-तीनदा नेतात, मग तुकडे जोडतात. त्यात फसवणूक नाही.

फसवणुकीचा प्रश्न येतो गाडीच्या परीक्षणात. २००८ साली ‘टॉप गिअर’ने टेस्ला रोडस्टर चालवली आणि ती ढकलत आत नेताना दाखवली. टेस्लाचं म्हणणं होतं, बॅटरी संपलीच नव्हती आणि निष्कर्ष चाचणीआधीच लिहिला होता. टेस्ला कोर्टात गेली, २०१३ साली अपिलातही हरली. पण कायद्याने सुटणं वेगळं आणि प्रेक्षकाचा विश्वास राखणं वेगळं. कुणी वर्षानुवर्षं पैसे साठवून गाडी घेतो आणि त्याआधी असे कार्यक्रम बघतो.

म्हणून पुढच्या वेळी दोन प्रश्न विचारा. आखलेलं काय आहे, सुरुवात की शेवट? आणि यावर विसंबून कुणी खिशात हात घालणार आहे का? शेवट मोकळा असेल आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर खुशाल हसा.

कुर्ता साडेचारशेला मिळाला. दुसऱ्या धुण्यात रंग गेला. ते मात्र माझ्या स्क्रिप्टमध्ये नव्हतं!