वेष्टनातली पुस्तके

बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या सकाळच्या एस.टी.त नेहमी बसणाऱ्या मंडळींच्या एक गोष्ट एव्हाना ध्यानात आली असेल. खिडकीपाशी बसणाऱ्या, मराठी शिकवणाऱ्या बाईंच्या हातात जे पुस्तक असते, त्याला वर्तमानपत्राचे वेष्टन असते. पुस्तक मळू नये म्हणून बाई एवढी काळजी घेतात, असाच त्यांचा समज असणार. खरी गोष्ट अशी, की त्या वेष्टनाखाली कधी बाबूराव अर्नाळकर असतात, कधी नारायण धारप, तर कधी सुहास शिरवळकर. सणसर, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी अशी एकेक गावे मागे पडत जातात. आषाढात याच वाटेने तुकोबांची पालखी पंढरीला जाते. आणि मी मात्र कुणाच्या तरी बंगल्यात पडलेल्या प्रेतापाशी उभी असते!

या नादाला मला लावले ते माझ्या सासूबाईंनी. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे. गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांनी असहकार पुकारला आणि बारीक अक्षर दिसेनासे झाले. रात्री जेवणे आटोपल्यावर मी त्यांना वाचून दाखवावे असे ठरले. मोठ्या उत्साहाने मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ काढली. चार-पाच दिवस त्यांनी मन लावून ऐकले. सहाव्या दिवशी अंमळ संकोचून म्हणाल्या, “फार गोड लिहिलंय गं बाईनं. पण मी दोनदा वाचलंय ते. तुमच्या वाचनालयात झुंजार मिळेल का?”

मला वाटले, माझी ऐकण्यात चूक झाली. पण तसे नव्हते. आईंचे लहानपण गिरगावातल्या चाळीत गेले. कोपऱ्यावरच्या फिरत्या वाचनालयातून त्यांचा थोरला भाऊ अर्नाळकरांची पुस्तके आणी. तो बाहेर गेला की ही ती वाची, आणि वडिलांच्या जिन्यातल्या चपला वाजल्या की पुस्तक तांदळाच्या डब्यामागे जाई. पुढे लग्न होऊन त्या बारामतीला आल्या आणि चाळीस-पन्नास वर्षे या घरात पोथ्या, पाककृती आणि नातवंडांच्या परीक्षा यांखेरीज त्यांच्या तोंडी कुठलेही पुस्तक कुणी ऐकले नाही. मीही नाही. त्यांच्याच घरात मी मराठीची एम.ए. म्हणून मिरवत होते.

तर अर्नाळकर. त्यांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६, मृत्यू १९९६. हजाराहून अधिक पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. झुंजार, काळापहाड आणि धनंजय-छोटू या त्यांच्या मानसपुत्रांनी दोन पिढ्यांना वाचायला बसवले. ही सगळी माहिती मला परीक्षेपुरती होती. आता त्यांची पुस्तके मोठ्याने वाचायची वेळ आली, तेव्हा पहिला शोध लागला तो असा, की हे गद्य मोठ्याने वाचण्यासाठीच लिहिले असावे. वाक्य लांबत नाही, श्वास अडत नाही, आणि प्रकरण संपते ते नेमके दार उघडतानाच. वर्गात आम्ही ज्यांची शैली शिकवतो, अशा कित्येक लेखकांचा एक परिच्छेद मोठ्याने वाचताना मला दोनदा थांबावे लागते. इथे मी सलग पाऊण तास वाचते आणि घसा बसत नाही.

पण म्हणून अर्नाळकर थोर कादंबरीकार होते, असे मी म्हणणार नाही. त्यांच्या माणसांना भूक लागत नाही, घरभाडे थकत नाही, कधी पडसेसुद्धा होत नाही. मिशा चिकटवल्या की सख्ख्या मित्रालाही ओळख पटत नाही. मी हे बोलून दाखवले, तेव्हा आई म्हणाल्या, “अगं, एवढ्याशा खोलीत आम्ही आठ माणसं निजत होतो. पडसं, थकलेलं भाडं सगळं घरातच होतं की! कुणीतरी मोटारीत बसून सुसाट जातंय, एवढं वाचलं तरी वारा लागायचा.” यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. तरीही माझे मत मी बदललेले नाही. एकटीने वाचायला बसले तर दुसऱ्या पुस्तकाच्या पुढे मी जाणार नाही. आईंना वाचून दाखवताना मात्र दहावे चालू आहे.

धारपांकडे मी वळले त्याला कारण दुसरे होते, आणि ते सांगताना मला संकोच वाटतो.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकतीच नोकरीला लागले होते. पहिल्या वर्षाच्या वर्गात ओळख म्हणून प्रत्येकाला आवडता लेखक विचारत होते. पु. ल. झाले, व. पु. झाले, ‘मृत्युंजय’कार शिवाजी सावंत तर पाच-सहा वेळा झाले. शेवटच्या बाकावरून एक मुलगा उठला आणि म्हणाला, “नारायण धारप.” वर्ग हसला. वर्गाने हसावे, ते वयच तसे असते. पण मीही हसले आणि वर म्हणाले, “मी साहित्यिकांची नावं विचारतेय.” मुलगा खाली बसला. वर्षभर वर्गात तो पुन्हा तोंड उघडून बोलला नाही आणि पुढच्या वर्षी त्याने मराठी हा विषय घेतला नाही. तोपर्यंत मी धारपांचे एकही पुस्तक पुरते वाचलेले नव्हते.

आता वाचली आहेत. एकापाठोपाठ एक, चौदा-पंधरा. धारप (१९२५–२००८) तंत्रविज्ञानाचे पदवीधर होते आणि ते त्यांच्या लेखनात जाणवते. भीती दाखवण्यापूर्वी हा माणूस घर नीट मोजून घेतो. खोल्या किती, जिना कुठे, मागचे दार कुठे उघडते, हे सारे तो हिशेबी कारकुनासारखे नोंदवतो. घर आपल्या ओळखीचे होते, आपण त्यात चहा पिऊन बसतो, आणि मग एखाद्या खोलीत असे काही असते की जे त्या मोजमापात बसत नाही. ‘४४० चंदनवाडी’ या नावातच पाहा. भयकथेला त्याने घराचा नुसता पत्ता दिला आहे! पोस्टमनच्या तोंडी शोभेल असे हे नाव मला कुठल्याही रक्ताळलेल्या मथळ्यापेक्षा अधिक भीतिदायक वाटते.

दोष? आहेत. त्यांचा ‘समर्थ’ हा नायक एकदा कथेत आला की माझी भीती संपते. हा गृहस्थ हरणार नाही हे मला ठाऊक असते. मग पुढची पाने म्हणजे निष्णात वैद्याने रोग्याला दिलेल्या मात्रा. आणि अमंगळ, हिडीस या जातीच्या विशेषणांची गर्दी झाली की घाबरण्याऐवजी मी ती मोजू लागते. समर्थाविना लिहिलेले धारप मला अधिक आवडतात.

दुसरा आक्षेप उसनवारीचा. ‘लुचाई’ ही स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वर बेतलेली आणि ‘शपथ’ त्याच्याच ‘इट’वर, हे आता सर्वांना माहीत आहे. माझ्या एका सहकाऱ्याने हे ऐकवले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर चोर पकडल्याचे समाधान होते. मी त्याला विचारले, देवलांचा ‘झुंझारराव’ कुठून आला? ‘ऑथेल्लो’वरून. आगरकरांचे ‘विकारविलसित’? ‘हॅम्लेट’वरून. ती रूपांतरे आपण वाङ्मयाच्या इतिहासात मानाने बसवतो. मूळ कृतीचे नाव वाचकाला पहिल्याच पानावर कळावे, एवढी अपेक्षा मीही करीन. पण अमेरिकेतल्या गावाची भीती उचलून ती मराठी गावात, मराठी आडनावांच्या घरात अशी रुजवायची की वाचकाला परकेपणाचा वासही येऊ नये, हे काम हमालीचे नव्हे.

‘लुचाई’ वाचताना एकाएकी माझ्या ध्यानात आले, की तो शेवटच्या बाकावरचा मुलगा उजनीच्या काठच्या गावचा होता. उजनी धरण १९८०च्या सुमारास पुरे झाले आणि इंदापूर तालुक्यातली कितीतरी घरेदारे, शेते, देवळे पाण्याखाली गेली. त्या काठाची म्हातारी माणसे अजून ‘जुनं गाव’ म्हणून पाण्याकडे बोट दाखवतात. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते, माणसे होडीत बसून ते पाहायला जातात, आणि पाऊस झाला की ते पुन्हा बुडते. ज्याच्या आजीचे अंगण पाण्याच्या तळाशी आहे, त्या मुलाला न दिसणाऱ्या घरांच्या गोष्टी का आवडतात, हे त्याला मी विचारले असते तर त्याने काय सांगितले असते कोण जाणे. माझ्या एका वाक्याने ते राहून गेले.

आणि हसणारी मी तरी कुठली? बारामतीची, म्हणजे मोरोपंतांची! पंतांचे (१७२९–१७९४) आयुष्य या गावात सरले, आणि त्यांनी रामायणे रचली ती एकशे आठ. त्यांतले एक निरोष्ठ रामायण. म्हणजे ओष्ठ्य वर्ण टाळून रचलेले. गंमत पाहा, की ‘म’ ओष्ठ्य असल्यामुळे त्यात ‘राम’ हे नावच येऊ शकत नाही! आधी स्वतःवर नियम घालून घ्यायचा आणि मग तो न मोडता खेळ रंगवायचा, याला आम्ही पंडिती चातुर्य म्हणतो. रहस्यकथेच्या लेखकानेही नियमच घालून घेतलेला असतो. खुनी पहिल्यापासून पानांत हजर हवा, आणि तरी वाचकाला दिसता कामा नये. मग याच्याकडे पाहतानाच आमच्या कपाळाला आठी का पडते?

शिरवळकर मी घाईने वाचले. ते वाचायचेच तसे. त्यांचे संवाद चटपटीत, अनेकदा गरजेपेक्षा अधिक. दारा बुलंद आणि बॅरिस्टर अमर विश्वास बोलू लागले की आपली वाहवा होते आहे हे त्यांना आधीच ठाऊक असते. ‘दुनियादारी’वर २०१३ साली चित्रपट निघाला आणि लेखक गेल्यावर दहा वर्षांनी माझ्या विद्यार्थ्यांना तो नव्याने सापडला; पण मला त्यांच्या रहस्यकथाच जास्त नेटक्या वाटतात.

रत्नाकर मतकरींच्या गूढकथांना मात्र मी वेष्टन घालत नाही. ‘खेकडा’पासून त्यांनी जे लिहिले, त्यात भूत असो वा नसो, घरातल्या माणसांच्या मनातले काळेबेरे आधी येते. मतकरी नाटककार म्हणून मान्यता पावले होते म्हणून त्यांच्या गूढकथांना दिवाणखान्यात जागा मिळाली, अशी मला शंका आहे. तीच गोष्ट जयंत नारळीकरांची. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून. जगतापांना पहिले बक्षीस मिळाले. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञालाही आपली कथा आपल्या नावावर नव्हे, तर कथा म्हणून तपासून घ्यावीशी वाटली, हे मला फार आवडते. २०२५च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा मी ‘वामन परत न आला’ पुन्हा वाचली. माणसे त्यात कागदी आहेत. पण माणसाने घडवलेले यंत्र माणसाच्या डोक्यावर बसू पाहते, ही कल्पना आज एस.टी.त प्रत्येकाच्या हातातला मोबाइल पाहताना जुनी वाटत नाही.

यंदा पहिल्या वर्षाच्या वर्गात मी तोच जुना प्रश्न पुन्हा विचारला. एका मुलीने हृषीकेश गुप्ते यांचे नाव घेतले. ‘हाकामारी’ वाचली म्हणाली. रात्री दाराशी येऊन नावाने हाक मारणारी आणि ओ दिली की जीव नेणारी ती हाकामारी; लहानपणी आम्हीही तिला घाबरत असू. कुणी हसले नाही. धारपांच्या ‘आजी’ कथेचा धागा घेऊन निघालेला ‘तुंबाड’ चित्रपट २०१८त आला, २०२४त पुन्हा लागला, तेव्हापासून भयकथेला हसण्याची पद्धतच गेली आहे. मी तिला म्हटले, “का आवडली ते सांग.” ती पाच-सात मिनिटे बोलली. तिच्या म्हणण्यात दोन मुद्दे चुकीचे होते आणि एक असा होता, की जो मला सुचला नव्हता. मी तो वहीत टिपून घेतला.

त्या मुलाचे नाव मी आठवून पाहते. आडनाव आठवते, नाव नाही.

सध्या घरी ‘लुचाई’चे वाचन सुरू आहे. आईंना झुंजाराची सवय; त्यामुळे कुणीतरी मोटारीतून येऊन हे सगळे आवरील अशी त्यांची पहिले आठ दिवस समजूत होती. कोणी येत नाही असे दिसल्यावर त्या गंभीर झाल्या. काल रात्री प्रकरण संपले तेव्हा म्हणाल्या, “आता पुरे. ती मागची खिडकी लावून घे.” मी म्हटले, “भीती वाटली?” म्हणाल्या, “छे, डास येतात.” दिवा मालवून मी निघाले तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारली. मी ओ दिली नाही. सरळ जाऊन उभी राहिले. त्या उठून बसल्या होत्या. म्हणाल्या, “अजून एकच प्रकरण वाच. ते पोर वाचतं की नाही, एवढं कळू दे.”