रझा साहेब तर गेले, आता चित्र खरं की खोटं हे सांगणार कोण?

जानेवारी २००९ मधली गोष्ट. दिल्लीतल्या एका नावाजलेल्या गॅलरीत सय्यद हैदर रझा यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. उद्घाटनाला खुद्द रझा साहेब आले. वय ८६. भिंतीवरची चित्रं बघत गेले आणि त्यांच्या लक्षात आलं की यातली बरीच चित्रं आपण काढलेलीच नाहीत! सही त्यांची, नाव त्यांचं, पण हात दुसऱ्याचा. प्रदर्शन तिथल्या तिथे गुंडाळावं लागलं.

त्या दिवशी एक मोठी सोय होती. ज्याचं चित्र, तोच समोर उभा होता. २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत रझा साहेबांचा इंतकाल झाला आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मध्य प्रदेशातल्या मंडला इथं, वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना सुपूर्द-ए-खाक करण्यात आलं. तेव्हापासून ‘हे माझं नाही’ असं ठामपणे सांगणारा माणूस उरलेला नाही. मग आता हे ठरतं कसं?

रझा आपल्यासाठी परके नाहीत. जन्म मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा, पण चित्रकलेचं शिक्षण नागपूरच्या आर्ट स्कूलमध्ये आणि नंतर मुंबईच्या जे. जे. मध्ये झालं. १९४७ मध्ये सूझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे यांच्यासोबत त्यांनी मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला. १९५० मध्ये फ्रान्सला गेले आणि साठ वर्षांनी, २०१० च्या अखेरीस, कायमचे भारतात परतले. म्हणजे त्यांची चित्रं नागपूर, मुंबई, पॅरिस, दिल्ली अशी विखुरलेली. कुणी विकत घेतलं, कुणाला त्यांनी भेट दिलं. एवढ्या लांब प्रवासात खोटं चित्र मध्येच घुसवायला जागा भरपूर मिळते.

आणि घुसवण्यासारखं कारणही आहे. त्यांचं १९८९ चं ‘गेस्टेशन’ हे चित्र ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईतल्या लिलावात ५१ कोटी ७५ लाखांना गेलं. त्यात रझांची ओळख काय, तर बिंदू, त्रिकोण, वर्तुळ. बघणाऱ्याला वाटतं, हे तर कुणीही काढेल. नकलाकारालाही तसंच वाटतं.

लोक सगळ्यात आधी सही बघतात. आमच्या मते सही हा सगळ्यात कच्चा पुरावा. चित्रापेक्षा सही उतरवणं कितीतरी सोपं. अमेरिकेत जॅक्सन पोलॉक या बड्या चित्रकाराच्या नावावर खपवलेल्या एका नकली चित्रावर तर त्याच्या नावाचं स्पेलिंगच चुकलेलं होतं, तरी ते लाखो डॉलरना विकलं गेलं.

जाणकार माणूस चित्र उलटं करतो. रझा कॅनव्हासच्या मागे आपलं नाव, साल, चित्राचं शीर्षक, सेंटिमीटरमधली मापं आणि रंगाचा प्रकार लिहीत, पुष्कळदा फ्रेंचमध्ये. त्याशिवाय मागच्या लाकडी चौकटीवर गॅलरीची चिठ्ठी, प्रदर्शनाचा क्रमांक, एखाद्या वाहतूक कंपनीचं लेबल असतं. चित्र कुठून कुठे गेलं याचा माग या चिठ्ठ्यांवरून लागतो. स्टुडिओतून गॅलरीत, गॅलरीतून पहिल्या मालकाकडे, तिथून दुसऱ्याकडे, अशी मालकीची साखळी जुळवत न्यायची. या साखळीला कलाबाजारात ‘प्रोव्हेनन्स’ म्हणतात. मधली पाच-दहा वर्षं गायब असतील तर लगेच चित्र खोटं ठरत नाही, पण विचारपूस तिथूनच सुरू होते. आणि आपल्याकडे होतं काय, तर जुनी फ्रेम खराब झाली म्हणून दुकानात बदलायला देतात आणि फ्रेमवाला त्या चिठ्ठ्या टराटरा काढून कचऱ्यात टाकतो. निम्मा पुरावा तिथेच संपला.

विखुरलेले हे पुरावे एका जागी आणण्याचं काम म्हणजे ‘कॅटलॉग रेझोने’. नाव फ्रेंच आहे, अर्थ सोपा आहे: एका चित्रकाराच्या सगळ्या ज्ञात कामांची छाननी करून केलेली नोंदवही. प्रत्येक चित्राचा फोटो, साल, माप, माध्यम, मालक, कुठे मांडलं गेलं, कुठल्या पुस्तकात छापलं गेलं, सगळं त्यात येतं. रझांची ही नोंदवही ॲन मॅकलिन यांनी हाती घेतली. पहिला खंड १९५८ ते १९७१ या काळाचा. तो २०१६ मध्ये, म्हणजे रझा गेले त्याच वर्षी आला. दुसरा १९७२ ते १९८९ चा. असलं काम वर्षानुवर्षं चालतं. जुन्या गॅलऱ्यांच्या वह्या, पत्रं, लिलावाचे कॅटलॉग, घरोघरच्या भिंती, सगळं धुंडाळावं लागतं. रझांनी मित्रांना लिहिलेली पत्रं इथे कामाला येतात, कारण चित्रकार पत्रात सहज लिहून जातो की अमुक चित्र पुरं झालं, तमुक पाठवलं.

प्रयोगशाळाही मदत करते, पण तिची मर्यादा ओळखायला हवी. अतिनील प्रकाशाखाली नंतर केलेली डागडुजी वेगळी दिसते. वार्निशच्या वर टाकलेली सही पकडली जाते. रंगाचा कण तपासला की तो कधीपासून बाजारात आला हे कळतं. १९५० साल टाकलेल्या चित्रात पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग निघाला, तर विषय संपला, कारण तो चित्रकारांच्या हाती आलाच पाच-सहा वर्षांनी. पण रंग त्या काळाचा निघाला म्हणून चित्र रझांचंच, असं कुठलंही यंत्र सांगत नाही. प्रयोगशाळा खोटं पकडू शकते, खऱ्याची हमी देत नाही.

मग शेवटचा शब्द कुणाचा? लोकांना वाटतं, चित्रकाराच्या संस्थेने एक समिती नेमावी आणि शिक्का मारून द्यावा. अमेरिकेत अँडी वॉरहॉल यांच्या संस्थेने तेच केलं होतं. ‘तुमचं चित्र खोटं’ म्हटलं की मालक कोर्टात जायचे. खटल्यांचा खर्च इतका वाढला की २०१२ मध्ये ती समितीच बंद झाली. म्हणूनच व्हॉट्सॲपवर फोटो बघून प्रमाणपत्र देणाऱ्यावर आम्ही तरी विश्वास ठेवणार नाही.

आता वारशाचा प्रश्न, ज्यात आपल्या समाजातल्या चित्रकारांच्या घरी हमखास घोळ होतो. शरियतप्रमाणे वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून जास्त मालमत्तेची वसीयत करता येत नाही. उरलेलं वारसांच्या हिश्शात जातं. पण चित्राचे तुकडे कसे करणार? मग एक मुलगा चार कॅनव्हास नेतो, मुलगी वह्या नेते, पत्रं रद्दीत जातात आणि सगळी चित्रं एकत्र पाहिलेला माणूसच उरत नाही. आपलं काम एकत्र राहावं असं वाटत असेल तर चित्रकाराने हयातीतच सोय करावी. हिबा करता येतो, पण त्यात देणाऱ्याने जाहीर करणं, घेणाऱ्याने स्वीकारणं आणि ताबा देणं या तिन्ही गोष्टी व्हाव्या लागतात. नुसत्या तोंडी इच्छेला अर्थ नाही. रझांना अपत्य नव्हतं. त्यांनी २००१ मध्येच रझा फाउंडेशन स्थापन केलं होतं. फ्रान्समध्ये राहत असताना, जाण्याच्या पंधरा वर्षं आधी! ही दूरदृष्टी आम्हाला त्यांच्या बिंदूइतकीच मोलाची वाटते.

आणखी एक गोष्ट घरच्यांना बहुधा माहीत नसते. चित्र विकलं म्हणजे कॉपीराइट विकला असं नाही. लेखी करार करून दिला नसेल तर छापण्याचा, प्रती काढण्याचा हक्क चित्रकाराकडे आणि मग वारसांकडे राहतो, मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. रझांच्या बाबतीत तो २०७६ अखेरपर्यंत चालेल. मूळ चित्र दहा हजारांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर वारसांना त्यात वाटा मागण्याची तरतूदही कायद्यात आहे.

कुणाच्या घरी आजोबांची, मामूंची चित्रं असतील तर फोटो काढताना पुढचा आणि मागचा, दोन्ही काढा. फूटपट्टीने मापं लिहा. कुणी दिलं, कधी दिलं हे घरातल्या बुजुर्गांना आत्ताच विचारा आणि त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवा. विकलेल्या चित्राची पावती आणि घेणाऱ्याचं नाव एका वहीत उतरवा. फ्रेम बदलायची झाली तर दुकानात शेजारी उभे राहा आणि निघालेली प्रत्येक चिठ्ठी पाकिटात घालून घरी आणा.