फोलेट : पानातले आणि गोळीतले

‘गोळी म्हणजे रसायन, त्यापेक्षा पालेभाजी बरी’ असा समज आजही अनेक घरांत आढळतो. त्यापायी शाळेतून वा उपकेंद्रातून मिळालेल्या लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या न घेताच पडून राहतात. नैसर्गिक जीवनसत्त्व तेवढे खरे आणि कृत्रिम ते खोटे, ही विभागणी शास्त्राच्या कसोटीवर कितपत उतरते, हे फोलेटच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

या जीवनसत्त्वाच्या शोधाचा प्रारंभ मुंबईत झाला. ब्रिटिश संशोधक डॉ. ल्यूसी विल्स यांनी येथील गिरणी कामगार स्त्रियांना गरोदरपणी होणाऱ्या रक्तक्षयाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे १९३१ मध्ये दाखवून दिले. १९४१ मध्ये अमेरिकेत सुमारे चार टन पालकातून हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. पुढे १९४५ मध्ये डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखालील संशोधकांनी ते कृत्रिम रीतीने तयार केले.

शरीरातील प्रवास

पालेभाज्या, कडधान्ये व शेंगदाणे यांतील फोलेटला आम्लकणांची लांब साखळी जोडलेली असते. आतड्यात ही साखळी तोडली गेल्यावरच ते रक्तात शोषले जाते. शिवाय भाजी फार वेळ शिजविल्याने आणि शिजविलेले पाणी फेकून दिल्याने त्याचा बराच अंश नष्ट होतो. गोळीतील फॉलिक आम्लाला अशी साखळी नसल्याने ते अधिक सहज शोषले जाते. जेवणासोबत घेतलेले ६० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल हे अन्नातील १०० मायक्रोग्रॅम फोलेटच्या तोडीचे मानतात. मात्र ते तसेच वापरता येत नाही. शरीर आधी त्याचे क्रियाशील रूपात परिवर्तन करते. त्यानंतर दोहोंचे कार्य एकच : नव्या पेशी व तांबड्या रक्तपेशी घडविण्यास साहाय्य करणे.

हा नियम सर्व जीवनसत्त्वांना सरसकट लागू नाही. आवळ्यातील ‘क’ जीवनसत्त्व आणि कारखान्यातील ‘क’ जीवनसत्त्व यांची रचना एकच आहे. उलट ‘ई’ जीवनसत्त्वाचे नैसर्गिक रूपच शरीर अधिक चांगले वापरते.

वेळेचे महत्त्व

गर्भाच्या मेंदूचा व मज्जारज्जूचा पाया गर्भधारणेनंतरच्या पहिल्या २८ दिवसांतच घातला जातो. त्या वेळी अनेक स्त्रियांना आपण गर्भवती असल्याची कल्पनाही नसते. म्हणून गर्भधारणेपूर्वीपासून फोलेट पुरेसे मिळणे अगत्याचे आहे. किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एकदा दिल्या जाणाऱ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते, तर गर्भवतींना दुसऱ्या तिमाहीपासून ती रोज घ्यावयाची असते.

गोळी उपाशीपोटी न घेता जेवणानंतर घ्यावी. सोबत चहा टाळावा. शौचास काळसर होणे हा लोहाचा परिणाम असून त्यात भिण्यासारखे काही नाही. तथापि स्वतःच्या मनाने मात्रा वाढवू नये, कारण अतिरिक्त फॉलिक आम्लामुळे ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची उणीव झाकली जाऊ शकते.

भाजीतून तंतू, खनिजे व इतर जीवनसत्त्वेही मिळतात. ते काम गोळी करू शकत नाही. आणि वाढीव गरजेच्या काळात गोळीची उणीव एकटी भाजी भरून काढीलच असे नाही. ताट आणि गोळी हे परस्परांचे प्रतिस्पर्धी नसून सहकारी आहेत, ही गोष्ट शिक्षकांनी वर्गात आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत समजावून सांगितल्यास गोळ्यांचे वाटप सार्थकी लागेल.