निखाऱ्यावरचे झिंगे भाजा, पण शेगडी दाराबाहेर ठेवा

धाराशिव जिल्ह्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तरी आपल्या घरात सुकट-बोंबील नाही असा आठवडा जात नाही. आठवडी बाजारात आता बर्फातले ताजे झिंगेही मिळतात आणि धरणाच्या, तळ्याच्या कडेला राहणाऱ्यांना गोड्या पाण्यातले मिळतात. शंभर ग्रॅम ताज्या झिंग्यात साधारण २० ग्रॅम प्रथिने असतात, चरबी अगदी थोडी. वाढत्या मुलांना आणि अशक्त बाईला हे अन्न चांगलेच. तेलात तळण्यापेक्षा निखाऱ्यावर भाजले तर तेलही वाचते. फक्त काही गोष्टी सांभाळल्या पाहिजेत.

घेताना अंग घट्ट आणि चकचकीत असलेले झिंगे घ्या. डोके काळे पडून सुटायला आले असेल, अंग बुळबुळीत लागत असेल किंवा उग्र वास येत असेल तर स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. घरी आणल्यावर पाठीवर चीर देऊन काळा दोरा काढा, धुवा आणि लगेच हळद, मीठ, तिखट, आले-लसूण व लिंबू लावा. पंधरा-वीस मिनिटे मुरणे पुरे. लिंबाने झिंगा पांढरट दिसू लागतो, पण तो शिजलेला नसतो.

कोळसा पेटवायला रॉकेल, प्लास्टिक, टायरचे तुकडे किंवा रंगवलेले लाकूड वापरू नका. त्याचा विषारी धूर अन्नाला लागतो. निखाऱ्यावर पांढरी राख धरली की मगच जाळी ठेवा. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी किंवा जस्ताचा मुलामा दिलेली तार नको. लिंबाच्या आंबटाने जस्त अन्नात उतरते आणि उलट्या होतात. साधी लोखंडी किंवा स्टीलची जाळी घ्या. मध्यम झिंगा प्रत्येक बाजूने दोन-तीन मिनिटे भाजा. आतपर्यंत पांढरा, बाहेरून केशरी आणि आकाराने वळलेला झाला की झाला. काळा करपलेला भाग काढून टाका. कच्चे झिंगे ज्या ताटात होते त्यात भाजलेले परत ठेवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचे. आपली घरे बहुतेक एका खोलीची, पत्र्याची, खिडकी एखादीच. पाऊस आला की शेगडी आत घेतली जाते. थंडीत भाजणे झाल्यावर उरलेले निखारे ऊब म्हणून आत ठेवून दार लावले जाते. धूर दिसत नाही, म्हणून कोणाला भीती वाटत नाही. पण लाल निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे या वायूला धरते. मग श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. गरोदर बाई, पोटातले बाळ, लहान मुले, म्हातारी माणसे आणि हृदयविकाराचे रुग्ण यांना धोका जास्त.

डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, हातपाय गळणे ही पहिली लक्षणे. खोलीतल्या दोघा-तिघांना एकदम असे होऊ लागले तर पित्त समजून झोपू नका. दार उघडा, सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. कोरोनात घरोघरी आलेले बोटाला लावायचे यंत्र अशा वेळी ९८ दाखवू शकते. त्या यंत्राला हा वायू आणि प्राणवायू यातला फरक कळत नाही. आकडा चांगला आहे म्हणून घरी थांबू नका. दवाखान्यात "खोलीत शेगडी होती" हे आधी सांगा, म्हणजे प्राणवायू लगेच लावता येतो.

म्हणून शेगडी नेहमी दाराबाहेर, भिंतीपासून आणि मुलांपासून लांब. काम झाले की निखाऱ्यांवर पाणी ओता. राखेखाली दडवलेला निखारा विझलेला नसतो. हात भाजलाच तर वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, शाई, हळद लावू नका.

झिंगे खाल्ल्यावर कोणाच्या ओठांना सूज आली, अंगावर गांधी उठल्या किंवा दम लागला तर ती अ‍ॅलर्जी आहे. कितीही भाजले तरी ती जात नाही आणि सुकटीनेही होते. अशा माणसाने पुन्हा चव घेऊन पाहू नये. दम लागला तर ताबडतोब १०८.

रक्तदाब असलेल्यांनी खारवलेली सुकट कोमट पाण्यात भिजवून, दोनदा पाणी बदलून मगच करावी आणि वरून मीठ घालू नये.

चार घरांनी मिळून अंगणात एकच शेगडी लावली तर कोळसाही कमी लागतो, आणि कोणाच्याही खोलीत निखारे न्यायची वेळ येत नाही.