जीपचा आवाज ओळखताना

साताऱ्याच्या पश्चिमेला जावळी-पाटणचे घाट, त्याला लागून सांगलीतला शिराळ्याचा डोंगरी पट्टा, मधे कृष्णाकाठची काळी चिकट माती आणि पूर्वेला माण, आटपाडी, जतचा खडकाळ माळ. या मुलखात फोर बाय फोर जीप कामासाठी टिकून आहे. रोज राबणारी जुनी गाडी आवाज करतेच. तो आवाज नेमका कुठून येतो, हे सांगणं चांगल्या मिस्त्रीचं खरं कसब. त्यातला बराच भाग मालकालाही घरच्या अंगणात शिकता येतो आणि त्यानं तो शिकायलाच हवा. आवाज न ओळखता सुटे भाग बदलत गेलं, तर पैसे जातात आणि आवाज तिथेच राहतो.

महिंद्रानं १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. सीजे-थ्री-बी, एमएम ५४० पासून २०१० च्या थारपर्यंत फोर बाय फोर गाड्यांची मूळ मांडणी तीच राहिली. इंजिनाची ताकद क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाते, तिथून ट्रान्सफर केसमध्ये. ट्रान्सफर केसमधून एक प्रोपेलर शाफ्ट मागे आणि एक पुढे निघतो. प्रत्येक शाफ्टच्या टोकाला क्राऊन-पिनियन, डिफरन्शियल, एक्सल आणि शेवटी चाक. आवाज या साखळीच्या कुठल्याही कडीतून येऊ शकतो. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि आवाज बदलतो का ते पाहायचं. या विद्येचा पाया एवढाच आहे.

सुरुवात उभ्या गाडीपासून करावी. इंजिन चालू, गिअर न्यूट्रलला. क्लच दाबल्यावर घरघर थांबली, तर संशय गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर क्लच बेअरिंग संपत आलं आहे. मग मोकळ्या, सरळ रस्त्यावर चला. पहिल्या तीन गिअरमध्ये येणारा आवाज चौथ्यात नाहीसा झाला, तर दोष बहुधा गिअरबॉक्सच्या खालच्या शाफ्टचा. चौथा गिअर थेट असतो, त्यात त्या शाफ्टवर भार येत नाही.

आता सपाट रस्त्यावर वेग असताना गिअर न्यूट्रल करा. गाडीच्या वेगाबरोबर आवाज तसाच चालू राहिला, तर तो बहुधा ट्रान्सफर केसच्या मागचा: शाफ्ट, डिफरन्शियल, चाकाचं बेअरिंग किंवा टायर. डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर सूर बदलला, तर तो टायरचा. जाड गट्ट्यांचे टायर हमखास गुणगुणतात आणि अनेक जण त्यापायी डिफरन्शियल खोलून बसतात. डावीकडे वळताना आवाज वाढला, तर उजव्या चाकाचं बेअरिंग पाहा, कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो. एक्सिलरेटर दाबताना एक आणि सोडताना दुसराच सूर आला, तर क्राऊन-पिनियनच्या दातांकडे लक्ष द्या. पुढून रिव्हर्स घेताना ‘ठक्’ झालं, तर शाफ्टच्या सांध्यातला यूजे क्रॉस झिजला असेल किंवा शाफ्टच्या खाचा ढिल्या झाल्या असतील. कमी वेगात शाफ्टच्या लयीत किरकिर येत असेल, तर क्रॉस कोरडा पडला आहे.

पुढच्या एक्सलची परीक्षा वेगळी. पुढच्या चाकांना लॉकिंग हब असतील, तर टू व्हीलमध्ये एकदा हब लावून आणि एकदा सोडून त्याच रस्त्यावर गाडी चालवा. हब सोडले की पुढचा शाफ्ट आणि डिफरन्शियल फिरत नाहीत. तेव्हा आवाज गेला, तर दोष पुढे आहे. पूर्ण वळण घेताना कटकट आली, तर पुढच्या एक्सलचे सांधे तपासा. पण कोरड्या डांबरावर फोर व्हील लावून वळलात, तर चांगली जीपही अडते आणि धक्के देते. या जीपमध्ये मधलं डिफरन्शियल नसतं, त्यामुळे पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळं अंतर कापायला वाव मिळत नाही. ही चाचणी मातीवरच करावी. जुन्या विलीज घडणीच्या ट्रान्सफर केसमध्ये टू व्हीललाही ताकद दातांमधूनच जाते. तिथला थोडा सूर हा बिघाड नव्हे.

गाडीखाली जाण्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. विलीजच्या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांना नव्हे, मागच्या शाफ्टला धरतो. मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळे तो ब्रेक गाडी धरू शकत नाही. जमिनीवरच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावल्याशिवाय आणि घोडीचा आधार दिल्याशिवाय खाली जाऊ नका. मग चाक वरून-खालून धरून हलवा, शाफ्ट हातानं पिरगाळा. हाताला लागलेला ढिलेपणा कानाच्या अंदाजाला पुरावा देतो.

आपल्या भागात सर्वात मोठा शत्रू पाणी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी कृष्णाकाठी तो धडा दिला. चालून तापलेलं एक्सल हाऊसिंग ओढ्याच्या थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते. हाऊसिंगवरची श्वासनळी चिखलानं बुजली असेल, तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ऑईल दुधाळ होतं, बेअरिंगला गंज चढतो आणि काही महिन्यांनी घूं-घूं सुरू होते. ड्रेन प्लग काढून पाहिल्यास हे आधीच कळतं. प्लगवरच्या चुंबकाला राखाडी, मऊ लेप असणं ठीक. लोखंडाचे तुकडे असणं ठीक नाही.

जीपमालकांना माझी कळकळीची विनंती आहे. गॅरेजला जाताना ‘गाडी आवाज करते’ एवढंच सांगू नका. किती वेगाला, कोणत्या गिअरमध्ये, दाब देताना की सोडताना, सरळ की वळणावर, टू व्हीलमध्ये की फोर व्हीलमध्ये, हे लिहून न्या. आणि दर वर्षी पाऊस ओसरला की, आवाज येत नसला तरी, दोन्ही हाऊसिंगचं ऑईल तपासा आणि श्वासनळी साफ करून घ्या.